काच वितळवणं सोपं, निववणं अवघड

रिकामी बाटली भट्टीत आडवी ठेवायची, दार लावायचं, पुढच्या क्षणी चपटा ट्रे तयार. असल्या रील्स हल्ली इतक्या फिरतात की साताऱ्यात ओळखीचं कुणी भेटलं की विचारतंच, "काच किती डिग्रीला वितळते हो?" एका उत्साही शेजाऱ्याने तर घरच्या ओव्हनमध्येच बाटली ठेवायचं ठरवलं होतं. केक भाजायचे ते ओव्हन 250 अंशांच्या पुढे जात नाहीत, म्हणून बाटली वाचली.

मुळात प्रश्नच चुकतो. बर्फ 0 अंशाला वितळतो, कारण त्याचे रेणू शिस्तीत रचलेले असतात आणि ठरावीक तापमानाला ती रचना मोडते. काचेत मोडायला रचनाच नाही. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं जाळं द्रवात जसं वेडंवाकडं होतं तसंच थिजलेलं असतं. त्यामुळे ती तापेल तशी हळूहळू सैल पडत जाते. खिडकीची साधी काच 700 अंशांच्या आसपास स्वतःच्याच वजनाने वाकून साच्यात बसते, याला स्लंपिंग म्हणतात. 800 च्या वर गेलं की एकावर एक ठेवलेले तुकडे मिळून एकजीव होतात, ते फ्यूजिंग. एवढ्या तापमानालाही ती काकवीपेक्षा हजारो पट घट्ट असते. वाटी करायची तर आधी फ्यूज करून पूर्ण थंड करायची आणि दुसऱ्या फेरीत साच्यावर ठेवायची.

भट्टीचं फार कौतुक नको. 15 अँपिअरच्या प्लगवर चालणारी दोन-तीन किलोवॅटची छोटी किल्न, आत हलक्या फायरब्रिक, कॅन्थल या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूच्या तारेची कॉइल, तापमान मोजणारं थर्मोकपल आणि कंट्रोलर. शेल्फला केओलिन आणि अ‍ॅल्युमिनाचा लेप द्यायचा, नाहीतर काच शेल्फसकट बाहेर काढावी लागते.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. 3 मिलिमीटरचा एकच तुकडा पूर्ण फ्यूजिंगच्या तापमानाला नेला तर तो पसरत नाही, उलट आकसतो आणि कडांना जाड होतो. चार थर ठेवले तर मात्र ऐसपैस पसरतात. पृष्ठताण काचेला गोळा करायला बघतो, गुरुत्व पसरवायला. दोघांची तडजोड साधारण 6 मिलिमीटर जाडीवर होते. म्हणून दोन थरांचं काम मापात राहतं.

आता मुद्द्याचं. काच फुटते ती बहुधा तापताना नाही, निवताना. काच मऊ असताना पोट आणि पृष्ठभाग यांच्या तापमानात फरक असला तरी ताण साचत नाही, जाळं सरकून तो ओसरून जातो. गोची होते थिजताना. त्या घडीला आतबाहेर जेवढा फरक असेल, तेवढा कायमचा नोंदला जातो. पुढे सगळा तुकडा खोलीच्या तापमानाला आला की जे पोट जास्त गरम होतं त्याला जास्त आकसायचं असतं, पण पृष्ठभाग त्याला आकसू देत नाही. पोट ओढीखाली राहतं, पृष्ठभाग दाबाखाली.

हा ताण ओसरायला किती वेळ लागतो? काचेची श्यानता (वाहायला होणारा विरोध) भागिले तिचा दृढता गुणांक (आकार बदलायला होणारा विरोध). 550 अंशांच्या जवळपास श्यानता 1 वर 12 शून्यं इतके पास्कल-सेकंद असते आणि दृढता गुणांक सुमारे 30 अब्ज पास्कल. भागाकार येतो अर्धा मिनिट. तापमान तीस-चाळीस अंशांनी उतरवा, श्यानता तीसेक पट वाढते आणि तोच वेळ पाव तासावर जातो. घातांकी उतार आहे हा. खोलीच्या तापमानाला विश्वाचं वयही पुरणार नाही. म्हणूनच जुन्या इमारतींच्या काचा शतकानुशतकं ओघळून खाली जाड झाल्या, ही गोष्ट खोटी आहे. त्या काळी तावच कमीजास्त जाडीचे बनत.

तेव्हा 550 ला थांबायचं, सगळा तुकडा समान तापमानाला येऊ द्यायचा आणि मग रांगत खाली यायचं. हेच अनिलिंग. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट, कारण उष्णता आतून बाहेर यायला जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ घेते. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेचा 200 इंची आरसा 1934 साली ओतला आणि निववायला दहाएक महिने घेतले. आपल्याकडे कराडजवळच्या ओगलेवाडीत प्रभाकर कंदील आणि त्यांच्या काचा बनत. कंदिलाची काच पातळ, पण अनिलिंगमधून तिचीही सुटका नाही. नीट न निववलेली काच ज्योत पेटताच तडकायची.

हाच ताण मुद्दाम भरला की टफन्ड काच होते: 600 च्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली. अशा टेबलाची काच कधीकधी मध्यरात्री आपोआप फुटते आणि घरात नजर उतरवायला मीठ-मोहरी निघते. काचेत अडकलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण तापवताना एका रूपात जातो, झटकन थंड केल्यामुळे त्यातच अडकतो आणि पुढे महिन्या-वर्षांनी मूळ रूपात परतताना किंचित फुगतो. तो ओढीखालच्या पोटात असला की काचेचा चुरा. मोहरीने निकेलवर काही होत नाही.

आपल्या तुकड्यातला ताण घरी बघता येतो. लॅपटॉपवर पांढरा स्क्रीन लावा, पोलराइज्ड गॉगल समोर धरून फिरवा, स्क्रीन काळा पडेल. आता काच मध्ये धरा, ताण असेल तिथे उजेड दिसेल. मी खिडकीच्या काचेवर बांगडीचे हिरवे तुकडे फ्यूज केले होते. नुसत्या डोळ्यांना सुरेख दिसत होते, गॉगलमधून प्रत्येक ठिपक्याभोवती पांढरं वलय. तुकडा पुन्हा 550 ला नेऊन जास्त वेळ ठेवला. नुसतं अनिलिंग कमी पडलं असेल तर वलय जातं. माझं गेलं नाही, म्हणजे बांगडीची आणि खिडकीची काच वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. याला किल्नमध्ये इलाज नाही. एकाच तावातून कापलेल्या तुकड्यांवर काम करा, किंवा प्रसरणांक (तापल्यावर काच किती फुगते त्याचा आकडा) छापलेली काच मागवा आणि 90 ची 96 च्या काचेत मिसळू नका.