हट्टी केराबान (केराबाँ ल तेत्यू)

‘केराबाँ ल तेत्यू’, म्हणजे ‘हट्टी केराबान’, ही फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) यांची दोन भागांतील विनोदी साहसकादंबरी आहे. पियेर-ज्यूल एत्झेल यांच्या शिक्षण-मनोरंजनाला वाहिलेल्या नियतकालिकातून ती १८८३ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी लेओं बेनेत यांच्या चित्रांसह पुस्तकरूपाने निघाली. व्हर्न यांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या मानाने ती कमी वाचली जाते, पण विनोदाच्या बांधणीत ती त्यांच्या उत्तम रचनांमध्ये गणावी लागेल.

कथानकाचे बीज एका चिमुकल्या करात आहे. १६ ऑगस्टची संध्याकाळ, रमझानचे दिवस आणि कॉन्स्टँटिनोपलमधील (आजचे इस्तंबूल) एरवी गजबजलेला तोपहाने चौक उपासामुळे सुनसान, अशा दृश्याने कादंबरी उघडते. तंबाखूचा धनाढ्य व्यापारी केराबान आपला डच व्यवसायबंधू व्हान मिटन याला बॉस्फरसपलीकडे, आशियाच्या किनाऱ्यावरील स्कुतारी (आजचे उस्कुदार) येथील आपल्या हवेलीत जेवायला नेत असतो. दोघे होडीत पाय ठेवणार एवढ्यात सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या प्रत्येक उतारूवर दहा पारांचा (पारा हे तुर्की चलनातले छोटे नाणे) नवा कर बसल्याची दवंडी पिटली जाते. चाळीस पारांचा एक पियास्तर होई, म्हणजे मागणी होती पाव पियास्तराची. रक्कम परवडण्याचा प्रश्नच नसतो; केराबानला असा कर लादण्याचा सरकारचा अधिकारच मान्य नसतो. तो हट्टाला पेटतो आणि पाहुण्याला घेऊन काळ्या समुद्राला पूर्ण वळसा घालत, सुमारे सातशे लीगांचा (जवळजवळ २,८०० किलोमीटर) रस्ता तुडवून, समोर दिसणाऱ्या घरी जेवायला निघतो. द्राविडी प्राणायामाचे याहून मोठे उदाहरण साहित्यात क्वचितच सापडेल.

कादंबरीची खरी गंमत नकाशा उघडून वाचताना कळते. केराबानला समुद्र लागतो, रेल्वे आणि एकूणच वाफेच्या यंत्रांचा त्याला तिटकारा आहे. त्यामुळे घोडागाडीखेरीज त्याला दुसरे वाहन चालत नाही. डॅन्यूबच्या मुखाजवळचा दलदलीचा प्रदेश, ओडेसा, क्रिमिया, तामान द्वीपकल्पातील चिखल ओकणारे ज्वालामुखी, कॉकेशसचा किनारा, ट्रेबिझोंड आणि मग अनातोलिया असा हा मार्ग आहे. तो कागदावरचा नसून त्या काळातील राजकीय सीमांमधून जातो. १८७८ च्या बर्लिन तहानंतर बल्गेरियाचे स्वायत्त संस्थान अस्तित्वात आले होते, उत्तर दोब्रुजा रूमानियाकडे आणि बातुम रशियाकडे गेले होते. जुन्या वळणाचा हा तुर्क अशा नुकत्याच बदललेल्या मुलखातून हट्टाने आपली गाडी हाकतो. कॉकेशसच्या किनाऱ्यावरील पोती या बंदराजवळ तर ती गाडी रेल्वेच्या फाटकातच अडकते आणि येणारी आगगाडी तिचा चक्काचूर करते. ज्या यंत्राला केराबान आयुष्यभर टाळत आला तेच त्याला भर रस्त्यात गाठते, हा प्रसंग व्हर्न यांनी फार नेमका योजला आहे.

या भटकंतीला मुदतीची घाई जोडलेली आहे. केराबानचा पुतण्या अहमद आणि ओडेसातील सावकार सेलीम याची मुलगी अमासिया यांचे लग्न सप्टेंबर संपण्याच्या आत झाले नाही, तर अमासियाच्या वाट्याचा मोठा वारसा बुडणार असतो. तिच्यावर डोळा असलेला साफार तिचे अपहरण करवतो. हा धागा तसा ठरावीक वळणाचा आहे. त्यापेक्षा दुय्यम पात्रे जास्त लक्षात राहतात: मालकाच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणारा नोकर निझिब, प्रवासात वजन घटते आहे का याच्या चिंतेत असलेला डच नोकर ब्रुनो, आणि ट्यूलिपच्या कंदांवरून बायकोशी भांडून घर सोडलेला व्हान मिटन, जो वाटेत एका धर्मशाळेत साराबूल या कुर्दिश विधवेशी लग्न ठरवून घेण्याच्या पेचात सापडतो. कुर्द आणि तुर्क यांचे चित्रण मात्र तत्कालीन युरोपीय पूर्वग्रहांतून झालेले आहे, आणि साराबूलच्या प्रसंगांत ते आज खटकते.

प्रवास संपून मंडळी स्कुतारीला पोहोचतात तेव्हा कळते की, लग्नाचा कायदेशीर विधी पलीकडच्या काठावरच व्हायला हवा. दहा पारांचा कर पुन्हा आडवा येतो. तेव्हा केराबान स्तोर्की नावाच्या कसरतपटूच्या एकचाकी ढकलगाडीत बसतो आणि सामुद्रधुनीवर ताणलेल्या दोरावरून, पाण्याला न शिवता, कर न भरता पलीकडे जातो. शेवटी तो सरकारला एकरकमी भरपाई देऊन हा करच विकत घेतो, त्यामुळे बॉस्फरस सर्वांनाच फुकट ओलांडता येतो.

‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीशी तुलना केली की या पुस्तकाचे वेगळेपण दिसते. फिलिअस फॉग आगगाडी आणि आगबोटीच्या वेळापत्रकावर विसंबून वेळेवर मात करतो, तर केराबान तीच साधने नाकारून मुदतीशी झुंजतो. भा. रा. भागवत यांच्या अनुवादांमुळे व्हर्न यांचे यंत्रप्रेम मराठी वाचकांना चांगले परिचयाचे आहे. त्याच लेखकाने यंत्रांच्या शत्रूला इतक्या आपुलकीने नायक केले, ही गोष्ट म्हणूनच मोलाची वाटते.

व्हर्न यांनी या कथेचे नाट्यरूपांतर स्वतःच केले. ते ३ सप्टेंबर १८८३ रोजी पॅरिसच्या गेते नाट्यगृहात रंगमंचावर आले. आधीच्या यशस्वी प्रयोगांत त्यांच्या सोबतीला आदोल्फ देन्नरी हे कसलेले नाटककार होते. या वेळी ते नव्हते. नाटक चालले नाही आणि दुसऱ्याच महिन्यात बंद पडले.