वाढत्या डोळ्याला लगाम: मुलांचा नंबर आणि कॉन्टॅक्ट लेन्स

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत नागपूरच्या सीताबर्डी-धरमपेठ भागातील चष्म्याच्या दुकानांत वह्या-दप्तरांच्या खरेदीला निघालेली कुटुंबे हमखास डोकावतात. मागच्या वर्षी मायनस दीड असलेला नंबर यंदा मायनस सव्वादोन निघतो, मोबाइलच्या नावाने दोन शब्द बोलले जातात आणि काचा बदलून मंडळी घरी परततात. नव्या काचांमुळे फळा पुन्हा स्पष्ट दिसू लागतो, हे खरे. पण नंबर ज्या क्रियेमुळे वाढला, ती क्रिया साध्या चष्म्याने थांबत नाही, आणि ती मंदावता येते हे अनेक पालकांना अजून कोणी सांगितलेले नसते.

ही क्रिया म्हणजे नेत्रगोलाची वाढ. जन्माच्या वेळी पारपटलापासून (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) दृष्टिपटलापर्यंत (मागचा, प्रकाश टिपणारा पडदा) डोळ्याची लांबी साधारण १६ ते १७ मिलिमीटर असते आणि मोठेपणी ती २३ ते २४ मिलिमीटरच्या आसपास स्थिरावते. ज्या मुलाचा डोळा यापुढेही लांबत राहतो, त्याच्या डोळ्यात दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या पुढे पडते. यालाच आपण निकटदृष्टिता किंवा मायोपिया म्हणतो. एक मिलिमीटर जास्तीची लांबी म्हणजे सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा (डायॉप्टर हे नंबर मोजण्याचे एकक) नंबर, इतका हा हिशेब नाजूक आहे. फुगा जसजसा फुगतो तसतसा पातळ होतो, त्याचप्रमाणे लांबलेल्या डोळ्यातील दृष्टिपटल ताणले जाते. पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटणे, त्याच्या मध्यभागाची झीज होणे किंवा काचबिंदू होणे यांची शक्यता नंबराबरोबर वाढत जाते. ‘अठरा वर्षांचा झाला की लेझर करून नंबर काढून टाकू’ या आपल्याकडच्या ठाम आश्वासनातील उणीव इथेच आहे. लेझरने पारपटलाचा आकार बदलतो, मागे ताणलेला डोळा आखूड होत नाही.

डोळ्याला कुठे थांबायचे हे कळते कसे, या प्रश्नाचे उत्तर प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळाले. १९७७ मध्ये टॉर्स्टन वीझल आणि एलिओ राव्हिओला यांनी पापण्या शिवलेल्या माकडांच्या पिल्लांचे डोळे लांबतात, हे दाखवले. नंतर कोंबडीच्या पिल्लांवरील प्रयोगांत आढळले, की डोळ्यापुढे मायनस भिंग ठेवून प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे ढकलली तर डोळा तिला गाठण्यासाठी लांबतो, आणि प्लस भिंगाने ती पुढे आणली तर वाढ मंदावते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस कापली तरी हा प्रतिसाद बऱ्याच अंशी टिकतो, म्हणजे वाढीचा निर्णय मुख्यतः डोळ्यातच होतो. ह्यूस्टन विद्यापीठातील अर्ल स्मिथ यांच्या गटाने माकडांवर केलेल्या प्रयोगांतून त्याहून अनपेक्षित गोष्ट पुढे आली: ज्या मध्यबिंदूने आपण बारीक अक्षरे वाचतो, तो निकामी केला तरी डोळ्याच्या वाढीचे नियमन चालूच राहते. याचा अर्थ, ज्या कडांकडे चष्म्याचा नंबर काढताना कोणी लक्ष देत नाही, त्या दृष्टिपटलाच्या कडाही वाढीवर नियंत्रण ठेवतात.

साध्या मायनस चष्म्याची मर्यादा आता लक्षात येईल. तो मध्यभागी प्रतिमा अचूक बसवतो, परंतु मायोपिया असलेल्या डोळ्यात कडांकडील प्रतिमा बहुधा दृष्टिपटलाच्या मागे पडत राहतात. चष्मा घालूच नये किंवा मुद्दाम कमी नंबरचा द्यावा, असा निष्कर्ष मात्र कोणी यातून काढू नये. मलेशियात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबरचा चष्मा असलेल्या मुलांपेक्षा अधिक वेगाने वाढला होता. तरीही ‘डोळ्याला सवय लागू नये म्हणून थोडा कमीच द्या’ ही विनंती आजही ऐकू येते.

मायोपिया रोखण्यासाठी बनवलेल्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्समध्ये एकाआड एक वर्तुळाकार पट्टे असतात. काही पट्ट्यांतून जाणारा प्रकाश दृष्टिपटलावर नेमका पडतो आणि मूल स्पष्ट पाहते. उरलेल्या पट्ट्यांत सुमारे दोन डायॉप्टरची प्लस शक्ती मिसळलेली असल्यामुळे त्यांतून जाणारा प्रकाश दृष्टिपटलाच्या पुढे एकवटतो आणि ‘आता लांबू नकोस’ हा संकेत डोळ्याला सतत मिळत राहतो. लेन्स बुबुळावरच बसलेली असल्याने नजर वळली तरी ती नजरेबरोबर फिरते. ही जागा चष्म्याच्या काचेला मिळत नाही.

अशा लेन्सपैकी ‘मायसाइट’ या रोज टाकून द्यायच्या लेन्सची चाचणी सिंगापूर, कॅनडा, इंग्लंड आणि पोर्तुगाल येथील ८ ते १२ वर्षे वयाच्या १४४ मुलांपासून सुरू झाली. तीन वर्षांत साधी लेन्स घालणाऱ्या मुलांचा नंबर सरासरी १.२४ डायॉप्टरने वाढला, तर विशेष लेन्स घालणाऱ्यांचा ०.५१ डायॉप्टरने, डोळ्याची लांबी अनुक्रमे ०.६२ आणि ०.३० मिलिमीटरने वाढली. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या लेन्सला मायोपियाची वाढ मंदावण्यासाठी मान्यता दिली. अमेरिकेतीलच ‘ब्लिंक’ या चाचणीत, ज्यात २९४ मुले होती, वयस्कांच्या वाचनासाठी बनवलेल्या बहुकेंद्री लेन्स वापरल्या गेल्या. त्यांत जास्त प्लस शक्ती असलेल्या लेन्सनेच भरीव फरक पडला. मध्यम शक्तीच्या लेन्सचा परिणाम किरकोळ होता.

मायसाइटच्या चाचणीचा निकाल ‘५९ टक्के घट’ असा सांगितला की तो फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात तीन वर्षांतील फरक पाऊण डायॉप्टरच्या आत-बाहेर आहे. पुढील प्रत्येक वर्षी हाच वेग टिकेल आणि टक्केवारीने नंबर कापला जाईल, असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. तरीही हा फरक क्षुल्लक नाही. मार्क बुलिमोर आणि नोएल ब्रेनन यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या गणितानुसार नंबर एक डायॉप्टरने कमी राहिला तरी मायोपियाजन्य मॅक्युला-विकाराची (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या झिजेची) शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. मूल जितके लहान, तितकी वाढ वेगवान. म्हणून मायनस एकवर सुरुवात करणे आणि मायनस पाच झाल्यावर जागे होणे यांत मोठे अंतर आहे.

लेन्स हा एकमेव मार्ग नाही. रात्री झोपताना घालून सकाळी काढायच्या कडक लेन्स, कडांवर सूक्ष्म भिंगे असलेले विशेष चष्मे आणि अत्यल्प प्रमाणातील ॲट्रोपिन या औषधाचे थेंब हेही पर्याय आहेत. लेन्स हाताळण्याइतके मूल जबाबदार नसेल, तर विशेष चष्मा हा माझ्या मते अधिक शहाणपणाचा पर्याय आहे.

लेन्समधील खरा धोका जंतुसंसर्गाचा आहे आणि तो बहुतांशी हात, पाणी व झोप या तीन वाटांनी येतो. नागपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलरच्या टाकीत पाणी भरण्याचे काम बरेचदा मुलांकडेच असते. त्या ओल्या हातांनी लेन्सला स्पर्श होता कामा नये. साबणाने हात धुऊन ते स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे केल्यावरच लेन्स घ्यावी. सुट्टीतील पोहण्याच्या शिबिरात आणि होळीच्या रंगात लेन्स डोळ्यात नसावी. नळाच्या पाण्यात ‘अकँथअमीबा’ हा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्यामुळे होणारा पारपटलाचा दाह अत्यंत चिवट असतो. दुपारी डोळा लागण्याआधी लेन्स काढायची, आणि डोळा लाल झाला, दुखला किंवा प्रकाश सहन होईना, तर ती काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवायचे. रोज नवी लेन्स वापरल्याने डबी व द्रावणातून होणारा संसर्ग टळतो, मात्र खर्च नियमित होतो. मायसाइटच्या चाचणीत मुलांना आठवड्यातून किमान सहा दिवस, दिवसाला किमान दहा तास लेन्स घालण्यास सांगितले होते. केवळ लग्नसमारंभापुरती घातलेली लेन्स डोळ्याची वाढ रोखणार नाही.

नंबर मुळात लागूच नये यासाठी आजवर सर्वात भरवशाचा उपाय मोकळ्या उजेडात घालवलेला वेळ हाच आहे. चीनमधील ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटे बाहेरचा जादा तास ठेवल्यावर तीन वर्षांत मायोपिया झालेल्या मुलांचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले, तर असा तास नसलेल्या शाळांत ते ३९.५ टक्के होते. मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरात दुपारी मैदानावर जा, असे कोणी सांगणार नाही. परंतु सकाळचे रेशीमबाग मैदान किंवा अंबाझरीचा काठ, एवढेच नव्हे तर झाडाची सावलीसुद्धा वर्गातील दिव्यांपेक्षा कितीतरी पटींनी उजळ असते. एकदा नंबर लागल्यावर मात्र केवळ बाहेर खेळण्याने तो मंदावण्याचा परिणाम मर्यादित दिसतो.

उपचार लागू पडतो आहे की नाही, हे फक्त चष्म्याच्या नंबरावरून ठरवू नये. डोळ्यात थेंब टाकून काढलेला नंबर आणि डोळ्याची लांबी, या दोन्हींची दर सहा महिन्यांनी नोंद हवी. लांबी मोजणारे यंत्र नवे किंवा दुर्मीळ नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी कृत्रिम भिंगाची शक्ती ठरवण्यासाठी तेच वापरतात, आणि ज्या यंत्रावर आजोबांचा डोळा मोजला जातो, त्यावर नातवाचाही मोजता येतो. लेन्स केव्हा थांबवायची, याचे उत्तरही याच नोंदींतून मिळते. अमेरिकेतील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात ४८ टक्के मुलांचा नंबर पंधराव्या वर्षापर्यंत, ७७ टक्क्यांचा अठराव्यापर्यंत आणि ९० टक्क्यांचा एकविसाव्यापर्यंत स्थिरावला होता. ‘ब्लिंक’ चाचणीच्या पुढच्या टप्प्यात लेन्स बंद केल्यावर डोळ्याची वाढ वयानुरूप वेगावर परतली, दबलेली वाढ उसळी मारून भरून निघाली नाही. त्यामुळे लांबीचा आलेख सपाट होईपर्यंत लेन्स चालू ठेवता येते आणि तो सपाट झाल्याखेरीज लेझरचा विचार करण्यातही अर्थ नसतो.