फास्टिंग नॉर्मल आली, पण…

शिवाजी पार्कात सकाळच्या फेऱ्या संपल्या की कट्ट्यावर रिपोर्ट निघतात. ‘फास्टिंग 96, आपल्याला काही नाही,’ असं उपाशीपोटीच्या साखरेबद्दल सत्तरीतले एखादे काका ठणकावून सांगतात. त्याच कागदावर खाली ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 210 आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 35 छापलेलं असतं. तिकडे कुणी बघत नाही.

खरी गोष्ट त्या खालच्या दोन ओळींत असते. स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला, पूर्वीसारखी दाद देईनाशा झाल्या (याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात) की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं. एका कारकुनाचं काम तिघं करायला लागले तरी फाइल वेळेवरच सरकते, तसं. साखर वाढते ती बऱ्याचदा अनेक वर्षांनी.

तोवर हृदयाचं नुकसान मात्र सुरू झालेलं असतं. चरबीतून फॅटी ॲसिडं रक्तात उतरत राहतात, यकृत त्यांची ट्रायग्लिसराइडं बनवतं, एचडीएल घसरतं, एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे, कण बारीक आणि दाट होतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, म्हणून त्या नीट सैलावत नाहीत. गंमत अशी की मूत्रपिंड इन्सुलिनचं ऐकणं सोडत नाही. वाढलेल्या इन्सुलिनमुळे ते मीठ धरून ठेवतं आणि बीपी चढतं. या साऱ्याची मोट अमेरिकी डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी 1988 मध्ये बांधली आणि तिला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं.

‘मी कुठे जाड आहे?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1.

म्हातारपणी वजनकाटा आणखीनच फसवतो. मांड्यांचे स्नायू झिजतात, पोट सुटतं आणि काटा जागच्या जागी राहतो. जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्यात स्नायूंचा वाटा मोठा, त्यामुळे ते गेले की इन्सुलिनची ओढाताण वाढते. गिरगाव-लालबागच्या चाळींत तिसऱ्या मजल्यावर चढउतार करणारी कितीतरी माणसं रीडेव्हलपमेंटनंतर विसाव्या मजल्यावर लिफ्टने जातात. सोय झाली, नाही कोण म्हणतं? पण पायांचा रोजचा व्यायाम गेला, आणि त्याची भरपाई कट्ट्यावर बसून होत नाही.

फास्टिंग इन्सुलिनची चाचणीही मिळते, पण तिचे आकडे लॅबगणिक बदलतात. मी आधी शिंप्याची टेप घेईन. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घेर पुरुषांचा 90, बायकांचा 80 सेंटिमीटरच्या वर असला, शिवाय ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागून उत्तर 3 च्या वर आलं, तर फास्टिंग कितीही असो, डॉक्टरांना विचारावं. काकांचं उत्तर 6 येतं.

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखरेची उसळी कमी होते. खुर्चीतून हात न टेकता उठबस केली तर मांड्यांना काम मिळतं. गुडघे कुरकुरत असतील तर फिजिओथेरपिस्टला विचारून करावी. आणि ज्यांना आधीच मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन सुरू आहे, त्यांनी व्यायाम एकदम वाढवण्याआधी डोसबद्दल बोलून घ्यावं, कारण साखर एकाएकी उतरली तर वयस्कर माणूस घेरी येऊन पडतो.