इमारतींच्या कडा आणि गॅमाचा जुना निर्णय : पार्श्वभूमी

वेगवेगळ्या फोटोंतल्या इमारती जुळवून एकच दृश्य उभं करण्याची खटपट संगणकाच्या फार आधीची. फ्रान्समधल्या आर्ल इथल्या मठाच्या ओवऱ्यांचं १८५१ मधलं चित्र अनेक निगेटिव्ह जोडून केलेलं आहे, सांधे हाताने बुजवलेले. १९२३ मध्ये इमारतींची कात्रणं खेटून चिकटवलेलं एक महानगर युरोपात गाजलं, तिथे सांधे उघडेच ठेवले होते. डिजिटल कामाने पहिली वाट धरली.

१९९० मध्ये फोटो संपादनाचा फोटोशॉप हा प्रोग्रॅम आला तेव्हा त्यात लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे स्वतंत्र थर, नव्हते. पेस्ट केलेली इमारत सिलेक्शन (निवड) सोडेपर्यंत तरंगत राही, एकदा सोडली की खालच्या चित्रात कायमची मुरे. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आणि लेयर मास्क आले. मनोरा कापण्याऐवजी मास्कने झाकता येऊ लागला आणि आठवड्याने पुन्हा उघडताही येऊ लागला. शहरांची जोडचित्रं खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली. अनेक पायऱ्या मागे जाण्याची सोय मात्र १९९८ पर्यंत नव्हती.

या सगळ्यात एका निर्णयाकडे फारसं कुणी पाहिलं नाही, आणि कडा बिघडण्याचं मोठं मूळ तिथेच आहे. अर्धपारदर्शक कडेवर दोन रंग मिसळायचे कसे? कॅमेऱ्यात विटांची भिंत आणि आकाश एकाच पिक्सेलवर आले, तर आधी दोन्हींचा प्रकाश एकत्र होतो आणि मग त्याला गॅमाची वक्रता मिळते, म्हणजे साठवताना प्रकाशाचे आकडे डोळ्याच्या संवेदनेच्या जवळ जातील असे वाकवले जातात. फोटोशॉप आधीच वाकवलेल्या आकड्यांचीच सरासरी काढतं. काळा आणि पांढरा निम्मे-निम्मे मिसळले की ० ते २५५ च्या मापावर उत्तर १२८ येतं. प्रकाशाच्या हिशेबाने एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगमापात ते १८८ च्या आसपास यायला हवं. लाल भिंत निळ्या आकाशावर ठेवून कड मोठी करून पाहा : मधे मळकट, गडद रेघ दिसते. शेजारच्या मूळ फोटोतल्या कडेवर ती नसते, आणि डोळा नेमका हा फरक पकडतो. मग मास्क आत ढकला, फेदर (कडेचा मऊपणा) वाढवा, कड हाताने उजळा, असे उपाय सुरू होतात. त्यांतले बरेच या आकडेमोडीवरची मलमपट्टी आहेत.

निर्णयामागे कारणं होती. ८ बिटांत, म्हणजे दर रंगाला २५६ च पायऱ्या असताना, गणित लीनिअर (न वाकवलेल्या प्रकाशाच्या आकड्यांत) साठवलं तर सावल्यांत पट्टे पडतात. मऊ ब्रशची कड आणि ग्रेडियंटही गॅमात डोळ्याला समान उतरतात. पण २००३ मध्ये १६ बिटांच्या फाइलला लेयर मिळाले आणि पहिल्या कारणातला जोर बराच ओसरला. ३२ बिटांत तर मिश्रण लीनिअरच होतं. गिम्प या मोफत प्रोग्रॅमने २०१८ च्या २.१० आवृत्तीत नव्या लेयरसाठी लीनिअर हाच मूळ पर्याय केला आणि जुन्या फाइलींसाठी जुन्या मोडचा वेगळा गट ठेवला. माझ्या मते हाच रास्त मार्ग होता.

फोटोशॉपमध्ये कलर सेटिंग्जच्या प्रगत भागात गॅमा १.० ने, म्हणजे लीनिअर, मिश्रण करण्याचा पर्याय आहे, पण तो मुळात बंद असतो. शिवाय ही सेटिंग फाइलबरोबर जात नाही, ती त्या संगणकावरच्या प्रोग्रॅमची असते. एकाने लीनिअरमध्ये जुळवलेलं शहर दुसऱ्याकडे उघडलं की खिडक्यांच्या दिव्यांभोवतीची प्रभा आक्रसते आणि कडा गडद होतात.

पुढची साधनं या प्रश्नाला वळसा घालत गेली. २००५ च्या व्हॅनिशिंग पॉइंटने आणि २०१४ च्या पर्स्पेक्टिव्ह वॉर्पने इमारतींच्या दर्शनरेषा जुळवल्या, २०२० मध्ये आकाश बदलण्याची सोय आली, २०२३ मध्ये लिहिलेल्या सूचनेवरून एआयने चित्राचा भाग तयार करणारं जनरेटिव्ह फिल. त्याने तयार केलेली इमारतही मास्क असलेल्या लेयरवरच येते, आणि मास्कच्या कडेवर तीच जुनी सरासरी चालते. त्यामुळे अनेक हातांतून जाणाऱ्या कामात गॅमाचा पर्याय सगळ्यांनी पहिल्या लेयरआधी ठरवून एकसारखा ठेवावा लागतो.