अन्नाचा आंतरराष्ट्रीय व्यापार आणि हरितगृह वायू

एका देशात पिकलेले अन्न दुसऱ्या देशात खाल्ले जाते, तेव्हा त्यापायी सुटलेले वायू उत्पादक देशाच्या खात्यावर पडतात. भारतातून तांदूळ निर्यात झाला तरी पाणी तुंबलेल्या भातखाचरातला मिथेन भारताच्याच हिशेबात राहतो. इंडोनेशियाचे पामतेल आपल्या फरसाणात येते, पण त्यासाठी तुटलेले जंगल इंडोनेशियाच्या नावावर लागते. आंतरराष्ट्रीय जहाजे व विमाने यांच्या इंधनाची नोंद वेगळी ठेवतात. ते कोणत्याही देशाच्या बेरजेत येत नाही.

लोकांना सर्वांत आधी खुपते ते अंतर, पण बहुतेक मालाच्या बाबतीत खरे ओझे शेतावरच पडलेले असते. नाशिकची द्राक्षे शीतकंटेनरमधून न्हावाशेव्याहून नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात जातात. समुद्रमार्ग सुमारे 12,000 किलोमीटर आणि टन-किलोमीटरला (एक टन माल एक किलोमीटर नेण्याला) 15 ग्रॅम धरले, तर टनामागे 180 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. शीतकरणाची वीज वेगळी. विमानाने हाच दर साधारण 50 पट होतो. म्हणून विमानाने जाणाऱ्या हापूसचा हिशेब द्राक्षांसारखा मांडता येत नाही.

सर्वांत जड बाब जमिनीची. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, दलदलीत पामची लागवड करायची तर आधी चर खणून पाणी काढावे लागते. हजारो वर्षे पाण्याखाली राहिलेला वनस्पतींचा थर हवेशी येताच कुजू लागतो, जमीन खचते आणि कार्बन डायऑक्साइड दशकानुदशके सुटत राहतो. कोरड्या पीटला आग लागली तर ती जमिनीखाली धुमसते, विझवणे फार अवघड जाते.

हिशेब करताना मालाचे वजन उत्पादक देशाच्या उत्सर्जन गुणांकाने (एक किलो मालामागे किती वायू सुटतो त्या आकड्याने) गुणतात, जंगलतोडीचा भार बहुधा 20 वर्षांवर वाटतात आणि वाहतूक मिळवतात. इथे दोन चुका वारंवार होतात. रॉटरडॅममधून पुढे गेलेला ब्राझीलचा सोयाबीन कागदावर ‘नेदरलँड्सचा’ ठरतो. शिवाय देशाच्या सरासरीत जुने शेत आणि नुकतेच जंगल तोडून केलेले शेत सारखेच दिसते.

आयात नेहमीच वाईट असते असे नाही. हिवाळ्यात ब्रिटनमध्ये गॅसने तापवलेल्या काचघरातल्या टोमॅटोपेक्षा स्पेनहून ट्रकने आणलेला टोमॅटो सहसा कमी उत्सर्जनाचा असतो.

व्यापाराची दिशा बदलली की भारही सरकतो. 2018 मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा शुल्क लावले आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमानुसार 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन, पामतेल, कॉफी, कोको तिथे विकता येणार नाहीत आणि शेताचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील; अंमलबजावणी मात्र पुढे ढकलत नेली आहे. यातली पळवाट उघड आहे: जुन्या मळ्यांचा माल युरोपला पाठवायचा आणि नव्या तोडीवरचा अशी अट नसलेल्या बाजारात. भारताच्या पामतेल आयातीवर अशी अट नाही.