जुन्या पैठणी-खणाचे दागिने : मागची गोष्ट

खणाची कानातली, पैठणीच्या काठाचा चोकर, इरकली पदराचं पदक. सणासुदीच्या प्रदर्शनांत आणि व्हॉट्सॲपवरच्या घरगुती विक्रीत हे दागिने आता इतके दिसतात की, ही अलीकडची टूम आहे असंच वाटतं. प्रत्यक्षात यात नवी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे कापड दागिन्याच्या दर्शनी बाजूला आलं. दागिन्याच्या पाठीमागे ते फार पूर्वीपासून होतंच.

जुनी वज्रटीक उलटून पाहिली तर सोन्याचे मणी कापडी पट्टीवर शिवलेले दिसतात. मोत्यांचे सर रेशमी दोऱ्यात गाठवायचे आणि मानेमागे गोंडा सोडायचा, हे काम पटवेकऱ्याचं. सोनाराकडून आलेला ऐवज पटवेकऱ्याच्या हातून गेल्याशिवाय गळ्यात पडत नसे. पण त्या सुताला वेगळी किंमत नव्हती. दोरा मळला की बदलायचा, इतकंच.

घरातल्या बायकांचा दागिने घडवण्याशी संबंध आला तो संक्रांतीला. नव्या सुनेच्या पहिल्या सणाला आणि बाळाच्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने लागत. पुठ्ठा आकारात कापायचा, त्यावर चकचकीत कागद किंवा कापड चढवायचं, हलव्याचे दाणे सुईदोऱ्याने गुंफून त्यावर बसवायचे. हार, बाजूबंद, मुकुट सगळं घरीच होई. डोहाळजेवणाला याच हातांनी फुलांचे दागिने. आज खणाचं कानातलं करणारी बाई पुठ्ठ्याच्या चकतीवर कापड ताणून बसवते, तेव्हा ती याच कामाची पुढची पायरी चढत असते. माझ्या मते या कलेचं मूळ दागिन्यांच्या बाजारात शोधण्यापेक्षा संक्रांतीच्या त्या तयारीत शोधायला हवं.

मग जुनं कापड दागिन्यात यायला इतका उशीर का झाला? कारण त्याच्या वाटा ठरलेल्या होत्या. विटलेली सुती लुगडी गोधडीत जात, मऊ झालेल्यांची बाळाची दुपटी होत. थोडं बरं असलेलं बोहारणीकडे जाई आणि त्याच्या बदल्यात पातेलं किंवा डबा घरात येई. जरीचं वस्त्र मात्र जुनी जरी विकत घेणाऱ्याकडे. खरी जरी म्हणजे चांदीची चपटी केलेली बारीक तार रेशमी धाग्यावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. त्यामुळे साडी विरली तरी काठ-पदरातली चांदी शाबूत राही. कापड जाळायचं, उरलेली धातू वितळवायची आणि वजनावर पैसे मोजायचे. विणकराने महिनोन् महिने मागावर बसून उतरवलेले मोर आणि आसावली, म्हणजे फुलवेली, अशा कितीतरी भट्ट्यांत गेल्या. अडचणीच्या वेळी त्या पैशांनी घरं सावरली, त्या बायकांना दोष देता येत नाही. तरीही गेलेल्या विणकामाची हळहळ वाटतेच. पुढे तांब्याच्या तारेची आणि मग पॉलिएस्टरची जरी आली. ती जाळून हाती काही लागत नाही, म्हणून तशा साड्या ट्रंकेत पडून राहिल्या.

खणाची कथा वेगळी. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे खणाचं माहेर. ताणा म्हणजे उभा धागा रेशमी, बाणा म्हणजे आडवा धागा सुती, अंगभर बारीक नक्षी आणि कडेला उठावदार काठ. हे कापड चोळीसाठीच विणलं जाई. नऊवारीच्या जागी पाचवारी आणि चोळीच्या जागी शिवलेला ब्लाउज रुळला, तशी खणाची चोळी मागे पडली. ओटीत मात्र खण कायम राहिला. न शिवलेले, घडी न मोडलेले खण घरोघरी साठले ते त्यामुळे. नक्षी इतकी लहान की बोटभर तुकड्यातही ती पुरी मावते, आणि कानातल्याला नेमकं हेच हवं असतं.

पैठणी कापणं जास्त जोखमीचं. तिच्या पदरावर प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या काडीवर असतो आणि रंग बदलतो तिथे तो शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. थेट कात्री चालवली तर कडा सुटत जातात. म्हणून आधी मागून अस्तर चिकटवायचं, मगच कापायचं. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर आधी विरतं, त्यामुळे अंगाचा भाग बहुधा वाया जातो, काठ आणि पदर तेवढे हाती लागतात. बांगडी-मोराच्या गोलात पदक आयतंच बसतं. धडधाकट पैठणी केवळ दागिन्यांसाठी फाडू नये, असं मला ठामपणे वाटतं. जी नेसताच येत नाही, तिच्यावरच कात्री चालवावी.

२०२० च्या टाळेबंदीत खणाचे आणि पैठणी काठाचे मास्क घरोघरी शिवले गेले. शिलाई मशिनी बाहेर निघाल्या, त्यांच्यासोबत कपाटाच्या तळाचे तुकडेही निघाले. त्यातून उरलेल्या चिंध्यांची पुढे अनेकींनी कानातली केली, काहींनी त्याचा जोडधंदा केला. मागणी वाढली तसं जुनं कापड पुरेनासं झालं. आज बाजारात खणाचे म्हणून मिळणारे बरेच दागिने यंत्रमागावरच्या नव्या कापडाचे, काही तर नुसत्या छपाईचे असतात. छापील कापड ओळखायचं असेल तर चिकटवण्याआधीचा तुकडा उलटा करून पाहावा. विणलेल्या नक्षीचे सुटे धागे मागच्या बाजूला हाताला लागतात, छापील कापडाची पाठ सपाट असते.