आईचा आमवात, लेकीची जनुकं आणि फाउंड्रीची धूळ

“आईची बोटं वाकडी झाली, आता माझीही होणार का?” आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्या घरात आहे तिथल्या लेकीसुनांपैकी लेकींना ही धास्ती असतेच. बहुधा होणार नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तंतोतंत सारखी असतात, तरी एकाला हा आजार झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्केच भरतं. रक्ताच्या नात्यात धोका वाढतो हे खरं, पण जनुकं एकटी काही करत नाहीत.

सगळ्यात मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए-डीआरबी१ या जनुकाचा. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर इतर प्रथिनांचे तुकडे धरतं आणि रोगप्रतिकारक पेशींना दाखवतं. १९८७ मध्ये ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर यांनी दाखवलं, की धोका वाढवणाऱ्या प्रकारांत या प्रथिनातल्या ७० ते ७४ क्रमांकांच्या अमिनो आम्लांची (प्रथिन ज्या घटकांनी बनतं त्यांची) रचना जवळपास सारखी असते. या रचनेच्या खाचेत आर्जिनिन हे अमिनो आम्ल असलेला तुकडा नीट बसत नाही. त्या आर्जिनिनचं रूपांतर सिट्रुलिनमध्ये झालं, की मात्र तो तुकडा घट्ट बसतो. मग शरीर आपल्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) बनवू लागतं, तेही सांधे दुखण्याच्या कित्येक वर्षं आधी.

हे रूपांतर विडी-सिगारेटच्या धुरानं फुप्फुसात वाढतं. सिलिकाच्या धुळीनंही आमवाताचा धोका वाढतो, आणि धूळ व धूम्रपान एकत्र आले तर आणखी. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, मोल्डिंगची (साच्यांची) वाळू आणि फेटलिंगची (ओतीव भाग घासून साफ करण्याची) धूळ रोजचीच. तिथं चांगले मास्क आणि धूळ ओढणारी यंत्रणा देणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं मला ठामपणे वाटतं. ज्या कामगाराच्या आईला किंवा बहिणीला आमवात आहे, त्यानं विडी तर आजच सोडावी.

आणखी शंभरावर जनुकीय जागा २०१४ पर्यंत सापडल्या, पण प्रत्येकीचा परिणाम छोटा. शिवाय युरोपीय लोकांत महत्त्वाचा ठरलेला पीटीपीएन२२ या जनुकाचा प्रकार जपानी लोकांत जवळजवळ आढळतच नाही. म्हणून परदेशी माहितीवर बेतलेल्या जनुकचाचणीवर पैसे घालवू नयेत.

सकाळी बोटं तासभर आखडत असतील, बोटांचे सांधे सुजत असतील, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (सांधेविकारतज्ज्ञांना) दाखवून अँटी-सीसीपी, म्हणजे सिट्रुलिनविरुद्धची प्रतिपिंडं शोधणाऱ्या रक्तचाचणीबद्दल विचारा. मेथोट्रेक्झेटसारखं औषध लवकर सुरू झालं, तर सांध्यांची झीज बरीच रोखता येते.